ताग्यावरचे देव : ससूनांची रंगीत तिकिटे

नाशिकच्या जुन्या पेठांतले वाडे उतरवायला घेतले की माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात. त्यांतून खतावण्या, जन्मपत्रिका, जुन्या पावत्या निघतात आणि त्यांच्यात कधी कधी तळहाताएवढी रंगीत चित्रे सापडतात. एखाद्यावर बाळकृष्ण असतो, एखाद्यावर हत्तीवर बसलेला राजा, तर एखाद्यावर आगगाडी. सोनेरी कड, जाडसर कागद, मागे डिंकाचे डाग. घरातली मंडळी मग विचारतात : हे रविवर्म्याचे चित्र का? देवाचे आहे तर खाली कंपनीचे नाव कशाला? आणि त्या जागी ‘ई. डी. ससून अँड कंपनी’ असे वाचायला मिळाले की आणखी एक प्रश्न हटकून येतो. ससून तर ज्यू. त्यांच्या प्रार्थनास्थळात मूर्ती नसते की तसबीर नसते. मग त्यांच्या कागदावर आपले देव कसे?

हे सगळे प्रश्न रास्त आहेत. ते एकेक करून सोडवू.

१. हे कागद मुळात कशाचे?

हे कागद देव्हाऱ्यासाठी छापलेले नव्हते. ते कापडाच्या ताग्यावर चिकटवले जात. बाजारात त्यांना ‘तिकीट’ किंवा ‘छाप’ म्हणत. गिरणीतून आलेला मांजरपाटाचा, लठ्ठ्याचा किंवा धोतरजोडीचा तागा घडी घालून बांधला की सर्वांत वरची, दुकानात गिऱ्हाइकाला दिसणारी घडी म्हणजे दर्शनी घडी. तिच्यावर हे तिकीट डकवायचे. शेजारी शाईचे शिक्के असत : मालाचा नंबर, लांबीचे वार, पेढीचे नाव.

एक नमुनेदार तिकीट जवळून पाहू. मधोमध चित्र. वरच्या बाजूला कमानीसारख्या पट्टीत पेढीचे इंग्रजी नाव. खाली गाव, म्हणजे मँचेस्टर किंवा मुंबई. कोपऱ्यात किंवा तळाशी एक आकडा, त्या मालाचा दर्जा ओळखण्यासाठी. बऱ्याच तिकिटांवर इंग्रजीखेरीज गुजराती, देवनागरी, बंगाली अशा लिपीतही मजकूर असे. माल ज्या प्रांतात जायचा त्या प्रांताची लिपी. चित्राचा काही भाग उठावाचा, बोटाला लागणारा. दागिन्यांवर आणि कडेला सोनेरी भुकटीचे काम.

ही तिकिटे १९ व्या शतकाच्या उत्तरार्धापासून २० व्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत लाखोंच्या संख्येने छापली गेली. तागा विकला गेला, कापड शिवून झाले, झिजून गेले. चित्र मात्र लोकांनी अलगद सोडवून ठेवले. ज्यांच्या घरी रंगीत चित्र विकत आणण्याची ऐपत नव्हती, त्यांच्या भिंतीवर अशी चित्रे गेली आणि काही देव्हाऱ्यातही गेली. म्हणूनच ती आज ट्रंकेत सापडतात.

२. कापडाला चित्राची गरज का पडली?

याचे उत्तर शोधायला नाशिकहून फार लांब जायला नको. येवल्याला जाऊ. येवल्याची पैठणी आणि पीतांबर यांना तिकिटाची गरज कधीच नव्हती. व्यापारी विणकराला ओळखत होता, विणकर व्यापाऱ्याला. वस्त्राची परीक्षा जरीवर, काठावर, पदरावर होई. त्यात काही उणे निघाले तर कोणाच्या दारात जायचे हे ठाऊक होते. मालाची हमी माणसाच्या ओळखीत होती.

१८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबई बंदर नाशिक आणि खानदेशाशी लोखंडी रुळांनी जोडले गेले. इकडचा कापूस खाली जाऊ लागला आणि गिरणीचे कापड गासड्या भरून वर येऊ लागले. त्या कापडाचा एक तागा किती हातांतून जात होता पाहा : मँचेस्टरची गिरणी, तिथली निर्यात करणारी पेढी, मुंबईचा आयात व्यापारी, मूळजी जेठा मार्केटमधला घाऊक विक्रेता, दलाल, नाशिकच्या कापड पेठेतला दुकानदार आणि शेवटी त्र्यंबक किंवा पेठकडून बाजाराला आलेला शेतकरी. या साखळीतल्या पहिल्या आणि शेवटच्या माणसाने एकमेकांचे तोंड पाहिलेले नाही. मग शेवटच्या माणसाने विश्वास कशावर ठेवायचा?

गिरणीचा माल दिसायला सारखाच. त्यातच मँचेस्टरच्या कापडात खळ आणि चिनी माती घालून वजन वाढवल्याच्या तक्रारी त्या काळी जोरात होत्या. कापड हाताला जड लागायचे आणि एका धुण्यात जाळी व्हायचे. म्हणजे खरी परीक्षा घरी नेऊन धुतल्यावरच. मागच्या वेळी जो तागा टिकला, तोच पुन्हा मिळावा एवढीच गिऱ्हाइकाची इच्छा. पण तो ओळखायचा कसा?

नाव वाचून ओळखणे बहुतेकांना शक्य नव्हते. १९०१ च्या जनगणनेत हिंदुस्थानात लिहितावाचता येणारे शंभरात जेमतेम पाच होते, आणि स्त्रियांमध्ये शंभरात एकही पुरती भरत नव्हती. अशा गिऱ्हाइकाला ‘अमुक कंपनीचा तमुक नंबर’ सांगून काय उपयोग? पण ‘मागच्या खेपेचा, मोरावरच्या सरस्वतीचा तागा द्या’ असे कोणीही सांगू शकत होते.

तिकिटाचे पहिले काम हे. जाहिरात हे त्याचे दुसरे काम. आधी ते ओळखपत्र होते. एकदा एका चित्राशी एक दर्जा जोडला गेला की पेढीला तो दर्जा राखणे भाग पडे. कारण माल बिघडला तर ते चित्रच बदनाम होई. निरक्षर गिऱ्हाइकाच्या हातात व्यापाऱ्याला जाब विचारण्याचे जे एक साधन होते, ते हे.

३. ससून कोण होते?

महाराष्ट्रात ज्यू म्हटले की दोन वेगळे समाज लक्षात घ्यायला हवेत. पहिला बेने इस्रायलींचा. हे शतकानुशतके कोकणात राहिलेले, मराठी बोलणारे लोक. त्यांचा पिढीजात धंदा तेलघाण्याचा, आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. दुसरा समाज बगदादी ज्यूंचा. हे १९ व्या शतकात इराक आणि आसपासच्या मुलखातून व्यापारासाठी आले. ससून या दुसऱ्या समाजातले.

डेव्हिड ससून यांचा जन्म १७९२ चा, बगदादचा. तिथला सुभेदार दाऊद पाशा याच्या जाचामुळे ते बुशहरमार्गे १८३२ च्या सुमारास मुंबईला आले. कापूस, कापड आणि चीनशी चालणारा अफूचा व्यापार यांवर पेढी वाढली. या संपत्तीत अफूचा वाटा मोठा होता, हे त्यांच्या दानधर्माइतकेच स्पष्ट सांगायला हवे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, तिथला कापूस अडला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याचा लाभ या पेढीलाही झाला. डेव्हिड ससून १८६४ मध्ये पुण्यात वारले. पुण्यातले लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, त्यांनीच सुरू केलेले. त्याच आवारात त्यांची समाधी आहे. पुण्याचे ससून रुग्णालय आणि मुंबईच्या काळा घोड्याजवळचे वाचनालय ही नावे त्यांचीच. ससून गोदी त्यांचे थोरले चिरंजीव अल्बर्ट यांनी १८७५ मध्ये बांधून घेतली.

दुसरे चिरंजीव एलियास यांनी १८६७ मध्ये वेगळी चूल मांडली. ती पेढी म्हणजे ‘ई. डी. ससून अँड कंपनी’. तिकिटांवर सर्वांत जास्त भेटणारे ससून ते हेच. एलियास यांचे पुत्र सर जेकब ससून यांनी मुंबईत कापड गिरण्या उभारल्या. त्यांच्या नावाची जेकब ससून मिल आपल्या काळातल्या सर्वांत मोठ्या गिरण्यांपैकी होती. गडद, न जाणारा तांबडा रंग देणारा ‘टर्की रेड’ रंगाचा कारखानाही या पेढीने काढला. १९२० मध्ये या गिरण्या ‘ई. डी. ससून युनायटेड मिल्स’ या नावाखाली एकत्र आल्या. १९४३ मध्ये त्या विकल्या गेल्या आणि नाव झाले ‘इंडिया युनायटेड मिल्स’. दादरच्या समुद्रकाठी जिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मारक उभे राहत आहे, ती इंदू मिल याच इंडिया युनायटेड समूहातली.

म्हणजे ससूनांचे कापड दोन वाटांनी नाशिकच्या पेठेत येऊ शकत होते : मँचेस्टरहून बोटीने आणि मुंबईच्या गिरणगावातून रेल्वेने. पहिल्या वाटेच्या कापडामागे लँकेशायरचा मजूर होता. दुसऱ्या वाटेच्या कापडामागे कोकणातून आणि घाटावरून मुंबईला गेलेला मराठी गिरणी कामगार होता.

४. ज्यू पेढी आणि हिंदू देव

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ज्यू धर्माच्या दहा आज्ञांमध्ये देवाची प्रतिमा करून तिला भजू नये अशी स्पष्ट आज्ञा आहे. ससून धर्माचे पक्के होते. सर जेकब यांनी आणि त्यांच्या भावांनी वडिलांच्या स्मरणार्थ मुंबईच्या फोर्ट भागात १८८४ मध्ये बांधलेले केनेसेथ एलियाहू सिनेगॉग आजही पाहता येते. आत रंगीत काचा आहेत, खांब आहेत, पण देवाची किंवा माणसाची प्रतिमा नाही. तरीही ससूनांच्या आणि त्यांच्यासारख्या इतर पेढ्यांच्या तिकिटांवर कृष्ण, लक्ष्मी, शिव-पार्वती, रामायण-महाभारतातले प्रसंग यांची रेलचेल दिसते.

याचा उलगडा तिकिटाच्या कामातच आहे. चित्र निवडताना पेढीने आपल्या मनात डोकावण्याचे कारण नव्हते. डोकावायचे ते गिऱ्हाइकाच्या मनात. मँचेस्टरच्या इतर निर्यातदारांत इंग्रज होते, स्कॉटिश होते, जर्मन होते, आणि रॅली ब्रदर्ससारखे ग्रीकही होते. त्यांच्यातल्या कोणाच्याही घरी लक्ष्मीपूजन होत नव्हते. पण सर्वांना एवढे कळत होते की नाशिकच्या यात्रेकरूला किंवा मथुरेच्या बायाबापड्यांना जे चित्र ओळखीचे आणि शुभ वाटते, तेच लक्षात राहते. माल चीनला जायचा असेल तर तिकिटावर चिनी प्रसंग येत, पश्चिम आशियात जायचा असेल तर तिथले.

हे ओळखायला त्यांना मदत करणारे लोक हिंदुस्थानातच होते. मुंबईचे घाऊक व्यापारी आणि दलाल यांना कोणत्या बाजारात काय चालते याची नस माहीत होती. कुठल्या रंगाचा तागा कुठे खपतो आणि कुठले चित्र कुठल्या गावी मागतात, ही माहिती बाजारातून वर पेढीकडे जात असे. रविवर्म्याची चित्रे घराघरांत पोचू लागली तशी त्यांच्या धर्तीची चित्रे तिकिटांवरही झळकू लागली.

तेव्हा ससूनांच्या तिकिटावरचा बाळकृष्ण पेढीच्या श्रद्धेविषयी काहीच सांगत नाही. तो त्या काळच्या आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या डोळ्यांविषयी सांगतो. त्यांना काय आवडत होते, कशावर त्यांचा विश्वास बसत होता, हे जाणून घ्यायला या कागदांइतके थेट साधन दुसरे क्वचितच मिळेल. कारण त्यांनी स्वतः काही लिहून ठेवलेले नाही. त्यांनी निवडले आणि विकत घेतले.

५. सातासमुद्रापलीकडे हेच

याच काळात अमेरिकेत ‘ट्रेड कार्ड’ची लाट आली होती. तिथे चित्र कापडावर चिकटवत नसत. दुकानदार ते सुटे कार्ड गिऱ्हाइकाच्या हातात देई. पुढे फुले, मुले, मांजरे, नाताळचे देखावे आणि मागे दुकानाचा पत्ता व माल. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या जागतिक प्रदर्शनानंतर ही कार्डे फार पसरली. घरोघरच्या मुली आणि स्त्रिया ती वह्यांत चिकटवून जमवू लागल्या.

युरोपातून, विशेषतः जर्मन भाषक मुलखातून गेलेले अनेक ज्यू फेरीवाले तिथे कपड्यांचे, टोप्यांचे, जोड्यांचे दुकानदार झाले होते. त्यांचीही कार्डे मोठ्या संख्येने आहेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात अर्नॉल्ड आणि डिअॅन कॅप्लन या दांपत्याने दिलेल्या संग्रहात ती जपली आहेत. त्यांतल्या बहुतेक कार्डांवर धर्माची काही खूण शोधूनही सापडत नाही. छापखान्यांकडे तयार चित्रे असत. दुकानदार एखादे निवडून त्यावर आपले नाव छापून घेई. एकच फुलांचा गुच्छ ज्यू शिंप्याच्या कार्डावर आणि ख्रिस्ती औषधवाल्याच्याही. दुकानदाराची ओळख कार्डावर सापडते ती फक्त नावात आणि पत्त्यात.

सॅन फ्रान्सिस्कोचे लेव्ही स्ट्रॉस हेही ज्यू व्यापारी. तांब्याच्या रिव्हेटने शिवण पक्की केलेल्या पँटचे पेटंट त्यांनी जेकब डेव्हिस यांच्यासह १८७३ मध्ये घेतले. १८८६ पासून त्या पँटवर चामड्याची पट्टी येऊ लागली. तिच्यावर चित्र होते : दोन घोडे दोन दिशांना ओढताहेत, तरी पँट फाटत नाही. ज्यांना इंग्रजी वाचता येत नव्हते ते मजूर दुकानात जाऊन ‘दोन घोड्यांची’ पँट मागत. ‘लिव्हाइज’ हे नाव ट्रेडमार्क झाले ते १९२८ मध्ये. तोवर घोड्यांनीच काम केले. कॅलिफोर्नियाचा खाणकामगार आणि नाशिकचा शेतकरी, दोघांची अडचण एक आणि दोघांसाठी काढलेला उपायही एकच.

६. इतके रंग कागदावर कसे उतरले?

या तिकिटांच्या छपाईला क्रोमोलिथोग्राफी म्हणतात. मराठीत रंगीत शिळाछाप. तिची करामत दोन पायऱ्यांत समजते.

पहिली पायरी शिळाछापाची. जर्मनीतल्या आलोइस झेनेफेल्डरने १८ व्या शतकाच्या अखेरीस ही युक्ती शोधली. बव्हेरियातला एक गुळगुळीत चुनखडीचा दगड घ्यायचा. त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचे. मग दगड ओला करायचा. तेल आणि पाणी एकमेकांना धरत नाहीत, त्यामुळे पाणी मोकळ्या जागेवर राहते आणि रेघांवर टिकत नाही. आता तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेघांना लागते, ओल्या जागेला लागत नाही. वर कागद दाबला की चित्र उमटते. दगडात काहीही कोरावे लागत नाही.

दुसरी पायरी रंगांची. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड. आपल्याकडे दिवाळीत छापाच्या रांगोळ्या काढतात, तेव्हा आधी एका छापाने पांढरी पाने, मग त्यावर बरोबर बसेल असा दुसरा छाप ठेवून लाल पाकळ्या, मग पिवळे केसर असे टप्पे असतात. छाप जरा सरकला की फूल बिघडते. इथेही तसेच. फिका पिवळा आधी, मग गुलाबी, निळा, तपकिरी, शेवटी गडद रेघा. चांगल्या तिकिटाला आठ-दहा किंवा त्याहूनही अधिक दगड लागत. दर वेळी कागद अगदी त्याच जागी बसावा म्हणून कडेला खुणा केलेल्या असत. या पद्धतीचे रंगीत रूप फ्रान्समधल्या गोदफ्रवा एंगेलमनने १८३७ मध्ये पेटंट केले.

मँचेस्टर आणि आसपास फक्त तिकिटे छापणारे मोठे छापखाने होते. पण ही कला लवकरच आपल्याकडेही आली. पुण्याची चित्रशाळा १८७८ ची. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. नंतरच्या काळात या छापखान्यात देवादिकांच्या चित्रांबरोबर जाहिरातींची आणि लेबलांची कामेही होऊ लागली.

याच छपाईच्या जगात नाशिक जिल्ह्यातला एक माणूस घडत होता. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके. स्वदेशीच्या वातावरणात त्यांनी पुराणवस्तू खात्यातली सरकारी नोकरी सोडली आणि लोणावळ्याला छपाईचा धंदा सुरू केला. रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईचे काम त्यांनी केले, आणि छपाईचे आधुनिक तंत्र शिकायला ते जर्मनीलाही गेले. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि त्याच वर्षी फाळक्यांनी आपला मुक्काम नाशिकला हलवला. पौराणिक प्रसंग, ओळखीचे देव, न वाचता कळणारी गोष्ट : तिकिटांनी आणि शिळाछापांनी सामान्य माणसाच्या डोळ्याला जी सवय लावली होती, तिच्या बळावर मूक चित्रपट लोकांना पहिल्या दिवसापासून कळला. पुढे १९२५ मध्ये नाशिक रोडला सरकारी सिक्युरिटी प्रेस सुरू झाले. नव्या दिल्लीच्या उद्घाटनानिमित्त १९३१ मध्ये निघालेली चित्रमय टपाल तिकिटे याच छापखान्यात लिथो पद्धतीने छापली गेली.

७. नक्कल आणि कायदा

ज्या चित्रावर माल खपतो, त्या चित्राची चोरी होणारच. एकाचा हत्ती बाजारात चालला की दुसरा थोडा वेगळा हत्ती काढी, तोच रंग, तीच कड. निरक्षर गिऱ्हाईक फसे आणि पहिल्या पेढीचे नाव जाई.

इंग्लंडमध्ये ट्रेडमार्क नोंदणीचा कायदा १८७५ मध्ये झाला. सुती मालाच्या छापांची संख्या एवढी प्रचंड होती की त्यांच्यासाठी मँचेस्टरला वेगळी व्यवस्था करावी लागली. हिंदुस्थानात १८८९ मध्ये मर्चंडाइज मार्क्स कायदा आला. खोटी छाप लावणे गुन्हा ठरले, परदेशी मालावर देशाचे नाव आणि ताग्यावर वारांतली लांबी छापण्याची सक्ती आली. प्रत्यक्ष ट्रेडमार्क नोंदणीचा कायदा मात्र १९४० पर्यंत नव्हता. तोवर पेढ्या न्यायालयात नकलेविरुद्ध दाद मागत, आणि मुंबईच्या गिरणीमालक संघाने आपल्यापुरती छापांची नोंद ठेवली होती.

अशा खटल्यांत खरा प्रश्न असा असे : दोन चित्रे शेजारी ठेवून फरक दिसतो का, हे पुरेसे नाही. घाईत असलेले, वाचता न येणारे, चित्र फक्त आठवणीत ठेवणारे गिऱ्हाईक फसेल का? ही कसोटी आजही भारतीय ट्रेडमार्क कायद्यात जिवंत आहे. गाय छाप जर्दा, सिन्नरच्या विड्यांच्या बंडलांवरची लेबले, उदबत्तीचे पुडे हे सगळे याच परंपरेचे वारस.

८. स्वदेशीने तिकीट बदलले

१९०५ मध्ये वंगभंगानंतर परदेशी कापडावर बहिष्काराची हाक आली. भगूरचे विनायक दामोदर सावरकर तेव्हा पुण्यात शिकत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथे परदेशी कपड्यांची होळी झाली. नाशिकातही स्वदेशीचे वारे जोरात होते. आता तिकिटावरची खालची बारीक ओळ, कापड कोणत्या देशात तयार झाले हे सांगणारी, चित्राइतकीच महत्त्वाची झाली. एकाच पेढीच्या दोन तिकिटांवर दोन देशांची नावे असू शकत : मँचेस्टरच्या मालावर इंग्लंड, मुंबईच्या गिरणीच्या मालावर हिंदुस्थान.

गिरण्यांनी तिकिटांवर भारतमाता आणली, राष्ट्रीय पुढारी आणले. गांधीजी आणि त्यांचा चरखाही गिरणीच्या कापडाच्या तिकिटांवर आला, जरी चरखा गिरणीला पर्याय म्हणून पुढे आला होता. १९३० च्या चळवळीत तर काँग्रेसने गिरणीची मालकी आणि कारभार कोणाच्या हाती आहे हे पाहून कोणते कापड घ्यावे याच्या याद्या केल्या. चित्र पाहून कापड घेणाऱ्या गिऱ्हाइकाला आता चित्रामागचा मालक कोण, हेही विचारायला शिकवले गेले.

९. हातातल्या तिकिटाचे वय कसे काढायचे?

समजा, तुमच्या हाती एक तिकीट आहे. वर ‘ई. डी. ससून अँड कंपनी, मँचेस्टर’, मध्ये लक्ष्मी, खाली ‘मेड इन इंग्लंड’ आणि ‘४० यार्ड्स’. त्यावर तारीख कुठेच नाही. तरी वय काढता येते.

पहिला प्रश्न नावाचा. ही पेढी १८६७ मध्ये निघाली, म्हणून तिकीट त्याआधीचे नाही. नाव ‘ससून युनायटेड मिल्स’ असते तर ते १९२० नंतरचे, आणि ‘इंडिया युनायटेड मिल्स’ असते तर १९४३ नंतरचे ठरले असते.

दुसरा प्रश्न देशाच्या नावाचा. ‘मेड इन इंग्लंड’ आहे, म्हणजे १८८९ च्या कायद्याच्या सुमाराचे किंवा त्यानंतरचे असण्याचा संभव मोठा.

तिसरा प्रश्न मापाचा. यार्ड म्हणजे वार. मीटर असते तर दशमान पद्धत आल्यानंतरचे, म्हणजे १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढचे.

चौथा प्रश्न छपाईचा, आणि त्याला साधे भिंग लागते. लक्ष्मीच्या गालाकडे भिंगातून पाहा. ठिपके लहानमोठे, वेडेवाकडे, हाताने मारल्यासारखे दिसले तर ती शिळाछाप आहे. सगळे ठिपके एकसारख्या ओळींत, जाळीसारखे बसले असतील तर ती नंतरची फोटोवरून केलेली छपाई किंवा अलीकडची नक्कल.

समजा, ठिपके वेडेवाकडे निघाले. चारही उत्तरे एकत्र केली की हे तिकीट साधारण १८९० ते १९३० च्या दरम्यानचे, असा अंदाज बांधता येतो. एका खुणेवर विसंबू नका. तीन-चार खुणा एकाच दिशेला बोट दाखवू लागल्या की अंदाज पक्का होतो.

१०. आता काय करावे?

गेली काही वर्षे या कागदांकडे अभ्यासक गांभीर्याने पाहू लागले आहेत. २०२५ मध्ये बंगळुरूच्या म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी या संग्रहालयात अशा तिकिटांचे ‘तिकीट टिका छाप’ नावाचे प्रदर्शन भरले होते. त्यामुळे त्यांना बाजारभावही आला आहे. पण विकत घेतलेल्या तिकिटाबरोबर त्याचे गाव येत नाही, दुकान येत नाही, कोणाच्या घरात ते किती वर्षे होते हे येत नाही. अभ्यासकाला सर्वांत जास्त हवी असते ती हीच माहिती, आणि ती फक्त घरच्या माणसांकडे असते.

म्हणून ज्यांच्या घरी जुन्या ट्रंका, जुन्या दुकानाच्या वह्या अजून आहेत, त्यांना एक विनंती. असे तिकीट सापडले तर ते लॅमिनेट करू नका. उष्णतेने आणि चिकट थराने कागद कायमचा खराब होतो. चिकटपट्टी लावू नका. वहीत डकवलेले असेल तर ओढून काढू नका. उन्हापासून आणि ओलीपासून दूर, साध्या स्वच्छ कागदात सपाट ठेवा. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कारण मागचा डिंक आणि कापडाचे चिकटलेले तंतूही पुरावा आहेत. आणि घरात आजी-आजोबा असतील तर हे तिकीट कुठून आले, कोणत्या दुकानातून कापड येत असे, ते भिंतीवर होते की देव्हाऱ्यात, हे आजच विचारून वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. मोठ्या पेढ्यांचा इतिहास त्यांच्या दप्तरांत सुरक्षित आहे. त्यांच्याकडून कापड घेणाऱ्या आपल्या माणसांचा इतिहास मात्र आपण लिहून ठेवला तरच उरेल.